फंक्शन लेयरची न सुटणारी तक्रार: मध्येच उडी मारणारा कर्सर आणि दुखणारी करंगळी

पूर्ण आकाराच्या अमेरिकी मांडणीच्या कीबोर्डवर १०४ कळा असतात, तर ज्याला साठ टक्के म्हणतात त्या छोट्या मेकॅनिकल कीबोर्डवर त्यांतल्या ६१ उरतात. बाण, होम, एंड, डिलीट आणि एफ-१ ते एफ-१२ ही सारी मंडळी मग एका अदृश्य थरावर, म्हणजे फंक्शन लेयरवर, राहायला जातात. एक ठरावीक कळ दाबून धरली की अक्षरांच्या जागी बाण येतात आणि ती सोडली की पुन्हा अक्षरे. कल्पना इतकी सरळ असूनही हा थर स्वतः आखणाऱ्यांना एक तक्रार पुन्हापुन्हा छळते: वेगाने लिहिताना शब्दाच्या मध्येच कर्सर भलतीकडे उडी मारतो, आणि ते आटोक्यात आणावे तर बाण हवा असताना ‘जे’ किंवा ‘एल’ ही अक्षरे उमटू लागतात. त्यातच काही आठवड्यांनी करंगळीच्या मुळाशी आणि मनगटाच्या बाहेरच्या कडेला दुखू लागते. कीबोर्डवरचे बटण आणि अंगातली वेदना या दोन्हींना मराठीत ‘कळ’ हा एकच शब्द आहे, आणि या विषयाला तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

या तक्रारीवर सगळीकडे मिळणारा पहिला सल्ला म्हणजे टॅपिंग टर्म, म्हणजे कळ टिचकीसारखी दाबली की धरून ठेवली हे ठरवण्याची मिलिसेकंदांतली मुदत, बदलून पाहा. मी स्वतः तो आकडा २०० वरून १७० वर, तिथून २३० वर आणि शेवटी मुकाट्याने पुन्हा २०० वर आणण्यात बरेच दिवस घालवले. आता माझे स्पष्ट मत असे आहे की हा आकडा सर्वांत शेवटी हलवायचा असतो. थर धरून ठेवणारे बोट कोणते, त्या वेळी काम करणारा हात कोणता आणि थराच्या कळेला दुहेरी काम देण्याची खरोखर गरज होती का, या प्रश्नांची उत्तरे चुकलेली असतील, तर आकड्याने चूक जात नाही, फक्त तिचे रूप बदलते.

आधी चूक ओळखावी

अर्धा तास नेहमीचे लेखन करावे, शेजारी कागद ठेवावा आणि प्रत्येक घोटाळ्याची नोंद करावी. अक्षर हवे होते आणि बाण चालला, हा पहिला प्रकार. बाण हवा होता आणि अक्षर उमटले, हा दुसरा. स्पेसची कळ थरासाठी धरली, पण थर न उघडता मजकुरात मोकळ्या जागांची रांग पडली, हा तिसरा. कळ सोडली तरी थर उघडाच राहिला, हा चौथा. चारही प्रकार बाहेरून ‘कीबोर्ड बिघडला’ असेच दिसतात, परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि पहिल्या दोहोंचे नाते तर तराजूच्या पारड्यांसारखे आहे: टॅपिंग टर्म वाढवली की पहिला प्रकार कमी होऊन दुसरा वाढतो, घटवली की उलटे होते. नोंद न करता आकडा बदलत राहणारा माणूस हे पारडे खालीवर करत बसतो आणि दर पंधरवड्याला नवी समस्या उद्भवल्याचे त्याला वाटते.

नोंदीत तिसरा आणि चौथा प्रकारच जास्त दिसत असेल, तर मधले विवेचन सोडून थेट शेवटच्या भागाकडे वळले तरी चालेल.

कीबोर्ड निर्णय कसा घेतो

एकाच कळेला दोन कामे दिली, म्हणजे झटकन दाबून सोडल्यास स्पेस आणि धरून ठेवल्यास थर, तर ती कळ खाली गेल्याच्या क्षणी आपला हेतू कोणता हे कीबोर्डला कळू शकत नाही. त्याला थांबावे लागते. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रणालीत, ही थांबण्याची मुदत, अर्थात टॅपिंग टर्म, मुळात २०० मिलिसेकंद ठेवलेली आहे. मुदतीच्या आत कळ सुटली तर ती टिचकी, मुदत उलटून गेली तर धरणे. मिनिटाला ६० शब्द, शब्दामागे ५ अक्षरे असा हिशोब धरला तर सेकंदाला ५ अक्षरे होतात, म्हणजे दोन अक्षरांमधले सरासरी अंतरही नेमके २०० मिलिसेकंदच भरते. निर्णयाची मुदत आणि हाताचा वेग एकाच जागी येऊन आदळतात, हे या तक्रारीचे मूळ आहे. शिवाय अशा कळेवरची स्पेस दाबताना उमटत नाही, सोडताना उमटते, त्यामुळे पडद्यावर लेखन किंचित मागून येते असा भास होतो तो वेगळाच.

यापुढची गुंतागुंत बोटांच्या क्रमाची आहे. स्पेस खाली, एल खाली, एल वर, स्पेस वर, असा क्रम असेल तर दुसरी कळ पहिलीच्या पोटात पूर्ण सामावलेली आहे, आणि बहुधा लिहिणाऱ्याला बाण हवा आहे. स्पेस खाली, एल खाली, स्पेस वर, एल वर, असा क्रम असेल तर बोटे एकावरून दुसरीवर घरंगळत गेली आहेत, आणि वेगाने लिहिणाऱ्याच्या हातून हेच सतत घडते. काहीही न बदललेले क्यूएमके मुदतीच्या आत स्पेस सुटली तर दोन्ही क्रमांना टिचकी समजते. ‘परमिसिव्ह होल्ड’ चालू केल्यावर पोटातला दाब थर उघडतो आणि घरंगळता दाब टिचकीच राहतो. ‘होल्ड ऑन अदर की प्रेस’ हा पर्याय मात्र दुसरी कोणतीही कळ खाली जाताच थर उघडून मोकळा होतो. ‘थर पटकन उघडत नाही’ म्हणून हा तिसरा पर्याय स्पेसवर लावणे ही पहिल्या प्रकारच्या चुकीला दिलेली उघड आमंत्रणपत्रिका आहे. कॅप्स लॉकच्या जागी एस्केप आणि थर एकत्र ठेवले असतील तर तोच पर्याय उत्तम चालतो, कारण एस्केप कुणी वाक्याच्या ओघात दाबत नाही. पर्याय चांगला की वाईट हे तो कोणत्या कळेवर बसवला यावर ठरते, आणि म्हणूनच दुसऱ्याची मांडणी जशीच्या तशी उतरवून घेतल्यास ती क्वचितच जुळते.

झेडएमके हे दुसरे फर्मवेअर वापरणाऱ्यांना हीच वर्तने ‘फ्लेवर’ या नावाखाली सापडतील. तिथला ‘बॅलन्स्ड’ हा फ्लेवर पोटातल्या दाबाला थर मानणारा आहे.

धरणारे बोट

ज्या कळेला एकच काम आहे ती कधी चुकत नाही. तिच्याबाबत मुदत नाही, अंदाज नाही, विलंब नाही. त्यामुळे पहिला प्रयत्न असा असावा की थराची कळ निव्वळ थराचीच राहील. प्रश्न जागेचा उरतो.

बऱ्याच छोट्या कीबोर्डवर फंक्शनची कळ उजव्या खालच्या कोपऱ्याकडे आणि बाण उजव्या हाताच्या बोटांखाली असतात. १९९६ साली आलेल्या हॅपी हॅकिंग कीबोर्डवर तर ती उजव्या शिफ्टच्या पलीकडे आहे, आणि बाण उघडा चौकोनी कंस, अर्धविराम, अवतरण आणि तिरकी रेघ या चार कळांवर आहेत. एखाददुसरा बाण दाबायचा असेल तर हे आटोपशीर वाटते. परंतु लांब मजकुरात दुरुस्त्या करताना उजवी करंगळी कोपऱ्यात रुतून राहते, मनगट तिच्या बाजूला वळते आणि त्याच वळलेल्या अवस्थेत उरलेल्या बोटांना नाचावे लागते. करंगळी आणि अनामिका यांना वाकवणाऱ्या खोल स्नायूचा भाग बराचसा सामायिक असतो. एक बोट दाबून स्थिर ठेवायचे आणि शेजारचे मोकळेपणाने हलवायचे, हे हाताला जात्याच अवघड आहे. एका हाताने धरावे आणि दुसऱ्याने दाबावे, हा नियम मी कशासाठीही मोडत नाही. त्याने दुखणे कमी होतेच, पण चुकाही कमी होतात, कारण दोन हातांचा क्रम एका हातातल्या दोन बोटांपेक्षा अधिक स्वच्छ पडतो.

अंगठ्याने धरणे सर्वांत चांगले, असे सर्रास सांगितले जाते आणि तत्त्वतः ते खरे आहे: अंगठ्याचे स्नायू वेगळे आणि दमदार असतात आणि इतर बोटे त्याच्यामुळे अडत नाहीत. मात्र नेहमीच्या साठ टक्के कीबोर्डची खालची रांग मोजून पाहावी. एका अक्षराच्या कळेची रुंदी म्हणजे एक एकक धरले, तर डावीकडे सव्वा एककाच्या तीन कळा, नंतर सव्वासहा एककांची स्पेस. म्हणजे स्पेस पावणेचार एककांवर, साधारण ‘एक्स’ या अक्षराच्या मध्याखाली, सुरू होते आणि डावी आल्ट त्याच्याही डावीकडे पडते. अंगठा सहज टेकतो तो ‘सी’ आणि ‘व्ही’ यांच्या खाली, त्यामुळे आल्टपर्यंत जायला तो तळव्याखाली दुमडावा लागतो. असा दुमडलेला अंगठा तासन्तास धरून ठेवणे हा इलाज नव्हे. कीबोर्डच्या पट्टीवर स्पेसचे दोन-तीन तुकडे बसवण्याची सोय असेल तर डावा तुकडा निव्वळ थरासाठी द्यावा आणि उजव्या अंगठ्याने स्पेस दाबावी. याहून नेटकी व्यवस्था मला ठाऊक नाही.

तशी सोय नसेल, तर माझी पसंती कॅप्स लॉकच्या जागेला आहे. ती आधाररांगेतच ‘ए’च्या शेजारी असते, पावणेदोन एकक रुंद असते आणि डाव्या करंगळीला मनगट न वळवता सापडते. बाण उजव्या हाताकडे असल्याने दोन हातांचा नियमही पाळला जातो. भार करंगळीवरच येतो हा तिचा दोष मी लपवत नाही. म्हणून लांब वाचनासाठी किंवा पानेच्या पाने खाली सरकवण्यासाठी थर कुलूपबंद करण्याची एक कळ थरातच ठेवावी, जेणेकरून करंगळीला सतत दाबून बसावे लागणार नाही. क्यूएमकेमध्ये यासाठी ‘लेयर लॉक’ आहे. ‘टीटी’ हा प्रकारही आहे, त्यात धरल्यास थर तात्पुरता उघडतो आणि पाच वेळा टिचकी मारल्यास कायम राहतो. पाच हा आकडा मोठा वाटल्यास बदलता येतो. कुलूप लावल्यावर एखादा दिवा रंग बदलेल अशी व्यवस्था करायला विसरू नये, नाहीतर चौथ्या प्रकारची चूक आपणच आपल्या हाताने तयार करू.

स्पेसला दुहेरी काम देणे हा तिसरा मार्ग आहे, आणि तो पत्करणाऱ्यांनी ‘परमिसिव्ह होल्ड’बरोबर आणखी एक गोष्ट लावावी. २०२५ मध्ये क्यूएमकेत आलेला ‘फ्लो टॅप’ आधीची कळ किती वेळापूर्वी दाबली गेली हे पाहतो. ती ठरवलेल्या मुदतीच्या आतली असेल तर हात लिहिण्याच्या ओघात आहे असे मानून दुहेरी कळेला तत्काळ टिचकी ठरवतो. झेडएमकेमध्ये ‘रिक्वायर प्रायर आयडल’ ही मुदत तेच काम करते. शब्द लिहून झाल्यावर बाणाकडे वळताना माणूस आपसूक क्षणभर थांबतोच, त्यामुळे पहिला प्रकार याने जवळजवळ नाहीसा होतो. मुदत मात्र स्वतःच्या वेगावरून ठरवावी. मिनिटाला ८० शब्द लिहिणाऱ्याच्या दोन अक्षरांमध्ये सरासरी १५० मिलिसेकंद जातात, ६० शब्दवाल्याच्या २००; दुसऱ्याने पहिल्याचा आकडा उचलला तर अर्ध्याअधिक वेळा तो नियम लागूच होणार नाही आणि ‘फ्लो टॅपचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघेल. त्याच वर्षी आलेला ‘कॉर्डल होल्ड’ एकाच हाताच्या दोन कळा आल्यास टिचकी मानतो. तो अक्षरांवर बसवलेल्या कंट्रोल-शिफ्टसाठी मोलाचा आहे. स्पेस कोणत्याही अंगठ्याने दाबली जात असल्याने तिला या नियमातून वगळणेच बरे.

बाणांच्या आणि इतरांच्या जागा

व्हीआय या मजकूर-संपादक प्रोग्रॅममुळे एच-जे-के-एल ही ओळ बाणांसाठी प्रसिद्ध झाली. बिल जॉय यांनी तो संपादक ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर घडवला त्याच्या त्या चार कळांवरच बाण छापलेले होते, इतके साधे कारण त्यामागे आहे. हाताच्या सोयीचा विचार त्यात नव्हता. तर्जनी ‘जे’वर टेकलेली असते, त्यामुळे डावीकडे जाण्यासाठी दर वेळी तिला एक घर सरकावे लागते. ज्यांच्या बोटांत ती ओळ मुरलेली आहे त्यांनी ती खुशाल ठेवावी. इतरांनी आय, जे, के, एल असा उलटा टी घ्यावा: तर्जनी, मधले बोट आणि अनामिका आपापल्या जागी राहतात आणि फक्त मधले बोट वर-खाली जाते. ‘यू’वर होम, ‘ओ’वर एंड, ‘पी’ आणि अर्धविराम यांवर पान वर आणि पान खाली, ‘एच’वर बॅकस्पेस, ‘एन’वर डिलीट, अशी सोयरीक त्याभोवती आपोआप जमते. जे शेजारी वापरले जाते ते शेजारी ठेवावे, एवढेच पथ्य आहे.

या थराची खरी श्रीमंती डाव्या हाताकडे आहे, आणि तीच बहुतेक मांडण्यांत रिकामी पडलेली दिसते. थर उघडा असताना डाव्या बोटांखालच्या अक्षरांचे काहीच काम नसते. तिथे ‘डी’वर शिफ्ट आणि ‘एफ’वर कंट्रोल, तीही निव्वळ एकेरी कामाची, ठेवावीत. शब्दाशब्दाने मजकूर निवडताना कोपऱ्यातल्या कंट्रोल आणि शिफ्टपर्यंत हात फाकवण्याऐवजी थर धरून डी, एफ आणि एल दाबले की काम होते. अक्षरांशी गल्लत होण्याचा प्रश्नच नसल्याने इथे टॅपिंग टर्म नावाचा प्रकार उद्भवत नाही. माझ्या मनगटाला सर्वांत जास्त आराम बाणांच्या बदललेल्या जागेने पडला नाही, या दोन कळांनी पडला.

एफ-१ ते एफ-१२ आकड्यांच्या रांगेवरच, त्याच क्रमाने, ठेवावेत. त्यावर अधिक कल्पकता खर्च करू नये.

चिन्हे थरावर ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर संगणकावर निवडलेली भाषेची मांडणी ठरवते. थरावर उघडा चौकोनी कंस बसवला आणि देवनागरी इनस्क्रिप्ट चालू असेल तर तिथून ‘ड’ उमटेल आणि अर्धविरामाच्या जागी ‘च’ येईल. हा थराचा दोष नाही आणि फर्मवेअरमध्ये शोधूनही तो सापडणार नाही. बाण, होम, एंड यांना भाषेची बाधा होत नाही, म्हणून दोन लिप्यांत लिहिणाऱ्याने थर मुख्यतः हालचालीसाठी राखावा हे अधिक शहाणपणाचे.

अडकलेला थर, मोकळ्या जागांची रांग आणि उरलेले

थर अडकण्यामागे बहुधा एक लहानशी चूक असते. धरायची कळ खालच्या थरावर जिथे आहे, नेमक्या त्याच जागी वरच्या थरावर दुसरे काहीतरी ठेवलेले असते. थर तात्पुरता उघडणाऱ्या कळांच्या बाबतीत ती जागा वरच्या थरावर ‘पारदर्शक’ ठेवावी, असा क्यूएमकेचा स्पष्ट नियम आहे. पारदर्शक आणि रिकामी यांतला फरकही अनेकांना चकवतो: पारदर्शक जागेतून खालच्या थराचे काम झिरपत वर येते, रिकामी जागा काहीच करत नाही. दुसरे कारण क्रमांकाचे आहे. एकाहून अधिक थर उघडे असतील तर मोठ्या क्रमांकाच्या थराचे आधी ऐकले जाते. त्यामुळे तिसऱ्या थरातून पहिला थर उघडला, तर तो उघडतो खरा, पण तिसऱ्याखाली झाकलेला राहतो आणि कळ मेल्यासारखी वाटते. थरांचे क्रमांक ते ज्या क्रमाने उघडले जातात त्याच क्रमाने चढते ठेवले की हा पेच पडत नाही.

मोकळ्या जागांच्या रांगेचे कारण वेगळे आहे. टिचकी मारून लगेच तीच कळ धरली तर तिचे टिचकीचे काम पुन्हापुन्हा होत राहावे, अशी सोय मुद्दाम केलेली असते, कारण एरवी दुहेरी कळेवरचे अक्षर सलग उमटवताच आले नसते. शब्द संपवून स्पेस दिली आणि त्याच दमात थरासाठी स्पेस धरली की ही सोय अंगाशी येते. क्यूएमकेमधली ‘क्विक टॅप टर्म’ शून्यावर आणली की कळ धरून सलग मोकळ्या जागा देता येणार नाहीत, पण हा त्रास तिथेच संपतो. हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो. याउलट, स्पेस धरली, विचार बदलला आणि काहीच न दाबता सोडली तरीही मोकळी जागा पडत असेल, तर ‘रेट्रो टॅपिंग’ चालू आहे का ते पाहावे.

काही कीबोर्डवर फंक्शनची कळ बदलता येत नाही. अशा कळेचा निर्णय कीबोर्डच्या आतच होतो आणि संगणकाला तिची खबरही लागत नाही, त्यामुळे कॅराबिनर किंवा कानाटासारखी संगणकावरून कळा बदलणारी साधने तिच्यापुढे हतबल आहेत. तिथे तिचा नाद सोडून कॅप्स लॉकलाच त्या साधनांतून थराची कळ करावी. वर सांगितलेली सारी रचना तशीच लागू पडते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, जुनी मांडणी वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवावी आणि किमान आठवडाभर दुसरे काही बदलू नये, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या चुका जुन्या सवयीच्या असतात आणि त्यांवरून नव्या मांडणीचे मोल ठरत नाही. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर मात्र कळा हलवत बसू नये, डॉक्टरांना हात दाखवावा.

एवढे करूनही एकच ठरावीक कळ चुकत राहिली आणि ती थर बंद असतानाही एका दाबाला दोनदा उमटत असेल, तर दोष मांडणीचा नसून स्विचच्या संपर्काचा आहे. क्यूएमके संपर्काची थरथर गाळण्यासाठी मुळात ५ मिलिसेकंद थांबते. ती मुदत ८ किंवा १० केल्यास तात्पुरते भागते, पण खरा उपाय स्विच बदलण्याचाच. तीन कळा एकत्र धरल्यावर न दाबलेली चौथी उमटत असेल, किंवा तिसरी उमटतच नसेल, तर कळांच्या जाळीत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, नसल्याची ती खूण आहे. प्रत्येक स्विचला डायोड असलेल्या कीबोर्डवर हे घडत नाही. तुमच्या कीबोर्डवर घडत असेल तर थर, डी आणि एफ एकत्र धरून चारही बाण एकेक करून तपासावेत आणि जी जोडी गिळली जाते तिच्यातले एक काम शेजारच्या कळेवर सरकवावे.